गाडी थरथरते आहे? आधी विचारा : कधी, कुठे आणि किती वेगाला?

२०२४ सालच्या भाऊबीजेची गोष्ट. दरवर्षीप्रमाणे आम्ही नणंदेकडे निघालो होतो. सक्करदऱ्याहून दिघोरी ओलांडली की उमरेड रस्ता मोकळा मिळतो. हे गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर अनारशांचा डबा. ह्यांनी वेग वाढवला आणि डब्याचं झाकण वाजायला लागलं.

"काहून वं, गाडी अशी थरथरून राहिली?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"आई, रस्ता खराब आहे," हे म्हणाले.

रस्ता खराब नव्हता. पण मी गप्प बसले. गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं वाटून आपण बायका पुष्कळदा गप्प बसतो, तशीच.

परत येताना थरथर जास्त झाली. स्टिअरिंगवर ह्यांचे हात हलताना मला दिसत होते. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मले तर कमरेपासून मांडीपर्यंत सारखी गुणगुण होऊन राहिली होती." सांधेदुखीचं तेल आणलं, लावलं, आणि विषय तिथेच संपला.

संपला कसला! एप्रिलमध्ये आम्हाला शिर्डीला जायचं होतं. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून सासूबाईंनी धोशा लावला होता. सोबत लेक आणि तिचं दीड वर्षाचं बाळ. त्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. उमरेड रस्त्यावर ऐंशीला थरथरणारी आमची २०११ सालची गाडी तिथे काय करील, या विचाराने माझी झोप उडाली. मग मी जे शिकले, तेच आज मैत्रिणींना सांगणार आहे. त्यासाठी हात काळे करावे लागत नाहीत. नीट लक्ष देऊन बसायचं आणि जे जाणवलं ते लिहून ठेवायचं, एवढंच.

थरथर येते कुठून?

पंख्याचं एक पातं जरासं वाकलं की सगळा पंखा डुलतो. कपडे धुण्याच्या यंत्रात ओली चादर एका बाजूला गोळा झाली की यंत्र मोरीभर नाचतं. मोटारीच्या चाकाचंही तसंच. रबर, लोखंडी रिम आणि हवा यांचं वजन चारी बाजूंनी सारखं असेल तर चाक मुकाट्याने फिरतं. एका बाजूला थोडं जरी जास्त झालं तरी ते प्रत्येक चकरेला गाडीला धक्का देतं.

थोडं म्हणजे किती? माझी लेक शाळेत विज्ञान शिकवते. तिने गणित करून दाखवलं. आमच्या छोट्या गाडीचं चाक एका चकरेत साधारण १.७ मीटर जातं. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १५ वेळा फिरतं. रिमच्या काठावर फक्त २० ग्रॅमचा फरक असला, तर या वेगाला तो तीन किलोच्या जोराने ओढतो, तोही सेकंदाला पंधरा वेळा! वेग निम्मा केला की हा जोर पाव होतो. म्हणूनच बुधवार बाजारात भाजीला जाताना गाडी अगदी शहाण्यासारखी वागते आणि महामार्गावर लागली की अंगात आल्यासारखी करते.

आणखी एक गंमत आहे. कधी कधी थरथर ऐंशीला सुरू होते, नव्वदला कळस गाठते आणि शंभरच्या पुढे कमी होते. झोका ठरावीक लयीत ढकलला तरच उंच जातो ना? तसंच चाकाचे धक्के आणि गाडीच्या खालच्या सांगाड्याची स्वतःची लय एका वेगाला जुळते, तेव्हा थरथर सर्वांत जास्त जाणवते. म्हणून "जरा जोरात घेतली की थांबते" हे उत्तर नव्हे. दोष तिथेच असतो, फक्त जाणवेनासा होतो.

पूर्वी हे एवढं का कळत नसे? पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या काळात सलग चार तास ताशी शंभरने जायला रस्ते होते कुठे? आमची गाडीसुद्धा तेरा वर्षं शहरातच चाळीसने फिरलेली. गुळगुळीत, लांबच लांब रस्ते आले आणि जुन्या गाड्यांची खोटी उघडी पडली.

तीन प्रश्न

गॅरेजात जाऊन नुसतं "गाडी थरथरते" म्हणणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे. कुठे, कधी, कशाने वाढतं, हे सांगितलं तर औषध लवकर सापडतं.

पहिला प्रश्न : कुठे जाणवते? स्टिअरिंग थरथरत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. बैठक, पाठ किंवा पायाखालची जमीन थरथरत असेल तर मागच्या चाकांवर. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात इथूनच करायची. म्हणून मागे बसणाऱ्यालाही विचारा.

दुसरा प्रश्न : किती वेगाला? ठरावीक वेगालाच, म्हणजे ऐंशी ते शंभरच्या दरम्यान येत असेल तर बहुधा चाकांचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं. वीस-तीसच्या हळू वेगालाही गाडी बदकासारखी डुलत असेल तर रिम वाकलेली असते किंवा टायर आतून फाटत चाललेलं असतं. ही खूण धोक्याची. अशी गाडी महामार्गावर नेऊ नये.

तिसरा प्रश्न : काय केल्यावर? ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क एकसारखी राहिलेली नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि पाय काढला की जाते, असं असेल तर इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा किंवा त्याचा सांधा झिजला असेल. मारुती ८०० पासूनच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हा सांधा पुढच्या चाकांशी असतो. अ‍ॅम्बॅसेडरसारख्या जुन्या गाड्यांत इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत पोटाखालून लांब दांडा जातो, तिथे तो तपासावा लागतो.

दोष इंजिनाचा की चाकाचा, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने, म्हणजे समजा ताशी साठने, आधी चौथ्या गिअरमध्ये आणि मग तिसऱ्यामध्ये गाडी चालवायला सांगा. गिअर बदलला की इंजिनाचा वेग बदलतो, चाकाचा तोच राहतो. थरथर गिअरबरोबर बदलली तर इंजिन किंवा ज्या रबरी गाद्यांवर ते बसवलेलं असतं त्या बघाव्यात. तशीच राहिली तर चाकं. इंजिनाचा संशय असेल तर गाडी उभी ठेवून इंजिन तेवढंच जोरात चालवून बघता येतं. चालत्या गाडीत न्यूट्रल करून बघण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये.

काळ्या मातीचा प्रताप

हे सगळं मला एका दिवसात कळलं नाही. पहिलं कारण सापडलं ते अगदी आपल्या मातीतलं. भाऊबीजेच्या दिवशी नणंदेच्या शेतात गाडी नेली होती. पावसाची ओल अजून होती. आपली विदर्भातली काळी माती कशी चिकटते ते काही सांगायला नको! गाडी बाहेरून धुतली होती, पण पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला मुठीएवढं ढेकूळ वाळून दगड झालं होतं. २० ग्रॅमचं गणित आठवा आणि मुठीएवढी माती काय करील त्याचा विचार करा. ह्यांनी लाकडी काठीने ती खरवडली, पाणी मारलं आणि थरथर निम्मी झाली. शेतातून, चिखलातून गाडी आली की चाकाची आतली बाजूही धुवायला सांगत जा. फुकटचा उपाय आहे.

उरलेल्या निम्म्यासाठी गाडी गॅरेजात गेली. तिथे कळलं की पुढच्या उजव्या रिमला लावलेलं एक छोटं वजन गळून पडलं होतं. तिथे स्वच्छ चौकोनी डाग तेवढा राहिला होता. यंत्रावर चाक फिरवून पुढच्या दोन्ही चाकांचं बॅलन्सिंग केलं आणि स्टिअरिंग गप्प झालं. हे खूश झाले.

इथे एक खुलासा करते. गॅरेजात "अलाइनमेंट-बॅलन्सिंग" हे शब्द एका दमात म्हणतात, पण ही दोन कामं आहेत. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन चारी बाजूंनी सारखं करणं. ते बिघडलं की गाडी थरथरते. अलाइनमेंट म्हणजे चाकं एकमेकांशी सरळ रेषेत आणणं. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतात. थरथर आहे म्हणून नुसती अलाइनमेंट करून घेतली तर पैसे गेले, दुखणं तसंच.

सासूबाईंचं म्हणणं खरं निघालं

फेब्रुवारीत पुन्हा नणंदेकडे जाणं झालं. पुढे सगळं शांत. पण मागून सासूबाई म्हणाल्या, "माही मांडी अजून गुणगुणून राहिली न बाप्पा!"

"आई, तुमचे गुडघे दाखवू एकदा," हे म्हणाले.

मी मात्र या वेळी गप्प बसले नाही. एका ठिकाणी गाडी थांबवायला लावली आणि मागे सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. साठला काही नाही. पंचाहत्तरला बैठक थरथरू लागली. उजव्या बाजूला जास्त. ब्रेकने फरक नाही. गिअरने फरक नाही. दुधाच्या हिशेबाची वही पर्समध्ये होती, तिच्या मागच्या पानावर हे सगळं लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅरेज. तिथे म्हणाले, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकलं की समजावं, दुसरीकडे दाखवायला हवं. जुनी गाडी जुनी असते, थरथरणारी नसते.

आमच्या भागात एक वयस्क पंक्चरवाले आहेत. झाडाखाली लाकडी पेटी, दोन जॅक आणि पाण्याची टाकी, एवढंच त्यांचं दुकान. त्यांना मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "काकू, अर्धं काम तर तुम्हीच केलं." मग मागची उजवी बाजू जॅकवर उचलली. चाकाजवळ पेचकस स्थिर धरला आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. एका ठिकाणी टायर पेचकसाला घासलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच घासलं. चाक काढून उलटं केलं तर आतल्या कडेवर लिंबाएवढा फुगवटा.

टायरच्या रबरात दोऱ्यांचं विणकाम असतं. खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेला जोरात आपटलं की ते दोरे आतून तुटतात. मग तेवढ्या जागी हवा नुसत्या रबराला बाहेर ढकलते. साडीची वीण विसविशीत झाली की ताण पडताच ती तिथेच फाटते, तसं. याला ठिगळ नाही, दुरुस्ती नाही. फुगवटा दिसला की ते टायर बाद.

"हे समृद्धीवर नेलं असतं तर..." एवढंच म्हणून ते थांबले. पुढचं मला ऐकायचंही नव्हतं. मागचं टायर वेगात फुटलं तर गाडीची शेपूट फिरते आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. त्या चाकाच्या नेमकं वर सासूबाई बसतात. बाळाची जागाही तिथेच ठरली होती.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईंना म्हणाले, "तुझ्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं."

टायरचं वय वाचायला शिका

आम्हाला शंका का आली नाही? टायरची नक्षी छान दिसत होती म्हणून. गाडी कमी चालते, त्यामुळे टायर झिजलं नव्हतं. पण ते म्हातारं झालं होतं. औषधाच्या बाटलीवर तारीख असते, तशी टायरवरही असते. कडेवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरवर ३८१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा अडतिसावा आठवडा. आठ वर्षं उलटून गेलेली!

पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावं आणि दहा वर्षांनंतर, कितीही चांगलं दिसलं तरी, वापरू नये, असा टायर बनवणाऱ्यांचा साधारण सल्ला असतो. यात डिकीतलं जादा चाकही आलं. नक्षीच्या खाचांत मधून मधून छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर संपलं. कडेवर भेगा दिसल्या तरी तेच समजावं.

गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी असेल तर टायर खालून चपटं होतं आणि सुरुवातीला थरथरतं. थोडं चालवल्यावर थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर दाखवून घ्या.

उन्हाळा आणि हवा

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण दोन पौंडांनी वाढतो. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. गाडी मोठ्या प्रवासाला भरून निघाली तर किती, हेही तिथेच असतं. तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते. कमी हवेचं टायर कडेला सारखं दुमडतं, जास्त तापतं आणि फुटतं. हवा कमी भरली की टायर गार राहतं, हा समज अगदी चुकीचा.

समृद्धीवर गाडी तासन् तास एकाच वेगाने धावते, टायरला उसंत मिळत नाही. २०२३ साली परिवहन खात्याने या रस्त्यावर जाणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगीच नव्हे. पण आतल्या कडेचा फुगवटा बाहेर उभं राहून कुणालाच दिसत नाही. तो घरूनच बघून निघायला हवं.

वाटेत अचानक थरथर सुरू झाली तर

एकदम ब्रेक मारू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावं. धोक्याचे दिवे लावून गाडी अगदी डाव्या कडेला घ्यावी. सगळ्यांनी डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे उभं राहावं. मुलांना गाडीत ठेवू नये. मदतीसाठी ११२ क्रमांक लावावा. थरथर क्षणाक्षणाला वाढत असेल तर चाकाच्या चकत्या सैल झाल्याचीही शक्यता असते. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असं म्हणू नये.

प्रवासाआधीची यादी

लाडू-चिवड्याच्या यादीच्या मागेच ही लिहून ठेवा :

१. चारही टायर आतून-बाहेरून बघितले का? फुगवटा, भेग, रुतलेला खिळा?
२. टायरवरची तारीख वाचली का? जादा चाकाचीही?
३. चाकाच्या आत माती, डांबर चिकटलं आहे का?
४. हवा थंड टायरात भरली का? जादा चाकातही?
५. बॅलन्सिंग चारही चाकांचं झालं का? (आमचं पुढच्या दोनचंच झालं होतं!)
६. टायर बदललं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चकत्या पुन्हा आवळून घेतल्या का?

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवी मागे लावावीत. आणि कारण लवकर सापडत नसेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून बघावीत. थरथर मागून स्टिअरिंगवर आली तर दोष त्या चाकांचाच.

आम्ही चारही टायर नवी घेतली. त्या महिन्यात माझी ठरलेली पैठणी राहिली, पण त्याचं काही वाटलं नाही. एप्रिलमध्ये शिर्डीला निघालो, त्याआधी एकदा उमरेड रस्त्यावर चक्कर मारली. सासूबाई मुद्दाम रिकामा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. साठ झाले, ऐंशी झाले, नव्वद झाले. झाकण वाजलं नाही.

समृद्धीवर ह्यांनी वेग शंभरच्या आतच ठेवला. अधूनमधून आरशात बघून विचारत होते, "आई, काही जाणवतंय का?"

उत्तर आलं नाही. मी मागे वळून बघितलं. सासूबाई आणि बाळ, दोघंही गाढ झोपले होते.